कारगिल दिवसाला गावात युद्धाचा सिनेमा दाखवायचाय, कुठला लावू?

मंडळवाला_सातारा

नमस्कार मंडळी. आमचं गाव सातारा तालुक्यात, नाव कशाला सांगत बसू, पण उंबऱ्याला एक फौजी म्हटलं तरी चालेल, काही घरात तर आजा, बाप, पोरगा तिघंही पलटणीतले. मंडळातर्फे आम्ही २६ जुलैला कारगिल दिवस करतो. सकाळी झेंडा, माजी सैनिकांचा सत्कार, आणि रात्री शाळेच्या हॉलमध्ये प्रोजेक्टरवर सिनेमा. गेल्या वर्षी 'बॉर्डर' लावला होता. तुफान गर्दी, पोरं खिडक्यांत बसलेली, रणगाडा उडाला की शिट्ट्या, डायलॉगला टाळ्या, सगळं झकास चाललेलं. मग एकेक जण मरायला लागतो तो भाग आला आणि पुढं बसलेल्या एक वहिनी उठल्या, पोरीचा हात धरला आणि सरळ निघून गेल्या. त्यांचे मिस्टर काश्मीरला ड्युटीवर असताना गेले, त्याला आता बरीच वर्षं झाली. मला वाटलं पोरीला झोप आली असंल. नंतर त्या आमच्या घरी आल्या तेव्हा बायकोला म्हणाल्या, "भावजींना राग नको यायला, पण मरताना माणूस एवढं बोलतो का हो? आमच्याकडं तर नुसता फोन आला."

यंदा सिनेमा ठरवायचं काम माझ्या गळ्यात आलंय आणि ते वाक्य काय डोक्यातनं जात नाही. असा कुठला युद्धपट आहे का, ज्यात लढाईची किंमत कोण भरतं ते दिसतं? भाषणबाजी नको, आणि उगं रडवायचं म्हणून रडवलेलं पण नको. हिंदी असलेला बरा, कारण म्हाताऱ्या बायका पण येतात, खालच्या इंग्रजी पट्ट्या कोण वाचणार. आणि दुसरी गोष्ट, गावातली बरीच पोरं पहाटे रोडवर पळतात, भरतीची तयारी, त्यांच्यासमोर असलं काय दाखवावं का नाही यावरनं कमिटीत दोन तट पडलेत. तुम्ही लोकांनी भरपूर बघितलंय, सांगा जरा.

माजी_हवालदार

जय हिंद. मी मराठा पलटणीतनं हवालदार म्हणून रिटायर झालो, गाव माण तालुक्यात. लढाईचे सिनेमे मी फारसे बघत नाही, कारण मी मधे मधे बोलतो आणि घरातले वैतागतात. पण बोलावं लागतंच ओ. डोंगर चढताना पळतात ते बघितलं की मला हसू येतं. कारगिलच्या उंचीवर दहा पावलं टाकली की उभं राहून श्वास घ्यावा लागतो, पाठीवर ओझं, वर बसलेला दिसत नाही पण त्याला तुम्ही दिसता. तिथला तोलोलिंगचा डोंगर घ्यायला तीन आठवडे गेले. १८ ग्रेनेडियर्सनी त्या उतारावर काय सोसलं ते त्यांनाच माहीत, शेवटी १३ जूनला २ राजपुताना रायफल्सनी तो घेतला. सिनेमात एवढं सगळं एका गाण्यात उरकतं. आणि सियाचीनचं तर विचारूच नका, तिथं गोळीनं गेले त्याच्यापेक्षा थंडीनं, बर्फाचा कडा कोसळून आणि फुफ्फुसात पाणी होऊन गेले ते जास्त, आता तिथं व्हिलन कोण दाखवणार?

तुम्ही किंमत म्हणताय म्हणून सांगतो. आमच्या कंपनीतला एक पोरगा गेला, त्याचं सामान आवरायला मी होतो. एक साहेब, एक सुभेदार साहेब आणि आम्ही दोघं. प्रत्येक वस्तू हातात घ्यायची, मोठ्यानं नाव घ्यायचं, साहेब लिहून घेणार. बनियन चार. लोकरी मोजे तीन जोड. दाढीचं सामान. रेडिओ एक, सेल नसलेला. अर्धं लिहिलेलं पत्र, त्यात सगळं म्हशीच्या पैशाचंच, अमुकला एवढे द्या, बाकीचे मी सुट्टीवर आलो की बघतो. आणि घरनं आलेला लाडवाचा डबा, तळाला दोन लाडू उरलेले. डबा यादीत आला, पण लाडू लिहायचे का नाही यावर सुभेदार साहेब अडले. यादी घरी जाणार, सामान पोचेपर्यंत लाडू काय टिकणार नव्हते, आणि टाकून द्यायचा तर कुणाचा हात होईना. शेवटी आम्हीच उभ्या उभ्या खाल्ले आणि डबा धुवून पेटीत ठेवला. ह्याला ना बॅकग्राउंड म्युझिक, ना कुणी सॅल्यूट मारला. असा सीन कुणी सिनेमात घातला तर मी तिकीट काढून बघीन.

माझं मत विचाराल तर 'हकीकत' लावा. जुना आहे, १९६४ चा, चेतन आनंद यांनी बासष्टच्या चीन युद्धावर काढलेला, लडाखमध्ये जाऊन शूटिंग केलेलं. आपले जवान माघार घेतायत, रसद नाही, अंगावर धड कपडे नाहीत, आणि एकेक करून संपतायत. शिट्टी मारायला जागाच नाही त्यात.

थेटरवेडा_सांगली

हवालदार काका, लाडवाचं वाचून थोडा वेळ फोन बाजूला ठेवला मी.

हकीकतला माझंही मत. 'होके मजबूर' गाणं आठवतं ना, बर्फात शेकोटीपाशी बसलेले जवान घरच्यांची आठवण काढतायत, रफी, तलत, मन्ना डे, भूपिंदर असे चार आवाज एका गाण्यात, मदनमोहनचं संगीत. त्यात कुणी शौर्य गाजवत नाही, नुसतं आपल्याविना घरी काय चाललं असेल याचा विचार. आपल्याकडच्या नंतरच्या किती सिनेमांत त्या गाण्याची सावली दिसते ते मोजत बसलो तर रात्र जाईल.

मंडळवाले दादा, गावाला दाखवता येणार नाहीत पण तुम्ही स्वतः बघा असे दोनतीन सांगतो, म्हणजे कमिटीत बोलायला मुद्दा मिळेल. 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' (१९९८) म्हटलं की सगळे ती सुरुवातीची वीस-पंचवीस मिनिटं सांगतात, ओमाहा बीच, आतडी बाहेर आलेला पोरगा आईला हाका मारतोय, एक जण स्वतःचा तुटलेला हात शोधून उचलतोय. ते भयानक आहेच. पण मला त्याच्या पुढचा सीन जास्त लागतो. मोठ्या हॉलमध्ये टायपिस्ट बायकांच्या रांगा, खटाखट सांत्वनाची पत्रं चाललीयत, सगळ्यांचा मजकूर जवळपास सारखाच, आणि त्यातल्या एकीच्या लक्षात येतं की एकाच घराला तीन पत्रं चाललीत. मग शेतातल्या घराकडं गाडी येते, आई भांडी घासता घासता खिडकीतनं बघते, दारात येते आणि व्हरांड्यात मटकन खाली बसते. एक शब्द नाही. त्या वहिनी जे बोलल्या ते हेच ना.

दुसरा 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट', १९३० चा पण आहे, पण मी २०२२ च्या जर्मनबद्दल बोलतोय. सुरुवातीला एक पोरगा मरतो. त्याच्या अंगावरचा युनिफॉर्म काढतात, ढिगात टाकतात, धुतात, शिवणयंत्रावर भोकं शिवतात, आणि तोच कोट नव्या भरती झालेल्या पोराच्या हातात. कॉलरला आधीच्याचं नाव तसंच. हा म्हणतो साहेब, हे दुसऱ्याचं दिसतंय, क्लार्क म्हणतो त्याला बसला नसेल, आणि चिठ्ठी टरकन फाडून खाली टाकतो. पोरगं खूश, नवा कोट मिळाला. पुढच्या अडीच तासांत जे काय होतं ते त्या चिठ्ठीत आधीच सांगून टाकलंय.

'कम अँड सी' (१९८५, सोव्हिएत) मात्र गावात चुकूनही लावू नका. बेलारूसमधला पोरगा बंदूक घेऊन हौसेनं निघतो आणि सिनेमा संपेपर्यंत त्याचा चेहरा म्हाताऱ्याचा झालेला असतो. मी एकट्यानं बघितला आणि नंतर जेवलो नाही.

भरती_करणार

सगळ्यांचा आदर ठेवून बोलतो. मी स्वतः रोज पहाटे पळतो, सोळाशे मीटरचं टायमिंग मारतोय, आणि मला पळायला कुणी लावलं? बॉर्डरनंच. लहानपणी टीव्हीवर बघितला तेव्हाच ठरवलं. आता तुम्ही विजय दिवसाला हरलेल्या युद्धाचा सिनेमा लावणार म्हणजे कमालच आहे राव. मेलेले, तुटलेले, रडणारे दाखवून पोरांचं मनोबल खच्ची करायचं का? फौज म्हणजे मरण हे आम्हाला काय माहीत नाही का, सातारा-सांगलीतल्या पोराला सांगायला लागतंय होय. माझ्या चुलत्याचा फोटो आमच्या घरात हार घातलेला आहे, मी तो रोज बघून पळायला जातो. दाखवायचंच तर जिंकलेलं दाखवा, नाहीतर मग अग्निवीरला चार वर्षांनी काय करायचं त्यावर चर्चा ठेवा, ती तरी कामाची होईल. आणि बॉर्डरमध्ये पण मरतातच की, ते काय कमी आहे?

थेटरवेडा_सांगली

भावा, पळणं सोडू नको, आणि अग्निवीरवर चर्चा ठेवायची तुझी सूचना तर फर्स्ट क्लास. पण बॉर्डरमध्ये मरतात म्हणतोस ना, त्याचीच एक गंमत ऐक. लोंगेवालाची लढाई खरी, डिसेंबर १९७१, २३ पंजाबची एक कंपनी, शंभर-सव्वाशे जवान, मेजर कुलदीपसिंग चांदपुरी, समोर रणगाड्यांची अख्खी रांग आणि उजाडल्यावर जैसलमेरहून आलेली आपली हंटर विमानं. शौर्य तर होतंच, महावीरचक्र उगीच मिळत नाही. पण त्या चौकीवर आपले गेले फक्त दोन. सिनेमात ज्यांना मारलंय त्यातले बीएसएफचे भैरोसिंग राठोड, म्हणजे सुनील शेट्टीनं केलेला रोल, ते खरे जिवंत होते. सिनेमा आला १९९७ ला आणि ते वारले डिसेंबर २०२२ मध्ये, जोधपूरला. विचार कर, अख्ख्या देशानं त्यांना पडद्यावर मरताना बघून डोळे पुसले आणि माणूस पुढं पंचवीस वर्षं घरात.

म्हणजे दिग्दर्शकाला वाटलं की कुणी मेल्याशिवाय पब्लिकला लढाई खरी वाटणार नाही. आणि त्याच युद्धात इतर ठिकाणी, पूर्वेला, शकरगडला, छांबला खरंच गेलेले मिळून ३,८०० च्या वर आहेत. त्यांच्यातल्या किती जणांची नावं आपल्याला येतात? मला दहा पण येत नाहीत आणि मी सिनेमे पाठ असलेला माणूस.

चुलत्यांच्या फोटोला नमस्कार सांग.

वाईकर_बखर

विषय सातारकरांचा आहे म्हणून राहवत नाही. युद्धाची किंमत आपल्याकडं सगळ्यात कमी शब्दांत कुणी सांगितली असेल तर ती पानिपतानंतर पेशव्यांच्या हाती पडलेल्या त्या सावकारी चिठ्ठीनं. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब, मोहरा म्हणजे सरदार. आता आपले ऐतिहासिक सिनेमे आठवून बघा, सगळे मोत्यांचे आणि मोहरांचे. खुर्दा मागं धुरळ्यात भाला घेऊन उभा असतो, त्याला नाव नाही, गाव नाही, दोन वेळा पडतो आणि तिसऱ्या सीनमध्ये तोच परत उभा दिसतो, कारण प्रोड्युसरकडं माणसं कमी. १४ जानेवारी १७६१ ला एका दिवसात जे झालं त्यानं महाराष्ट्रात लाख बांगडी फुटली म्हणतात, त्यातल्या एका बांगडीचा तरी सिनेमा काढा की. सरदाराच्या घोड्यावर बसून लढणारा बारगीर, बाजारबुणगे, त्यांच्या बरोबर यात्रेला म्हणून निघालेल्या बायका, त्यांचं काय झालं ते कुणी विचारत नाही.

आणि लांब कशाला जायचं. आपल्या सातारा तालुक्यातलं अपशिंगे, ज्याला सगळे मिलिटरी अपशिंगे म्हणतात, तिथले ४६ जण पहिल्या महायुद्धात गेले. एका गावातनं ४६! इंग्रजांनी त्याचं स्मारक उभारून दिलं, ते आजही आहे. त्याच युद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आत्ताच्या इराकमध्ये, कुत नावाच्या गावात सहावी पुणे डिव्हिजन डिसेंबर १९१५ पासून वेढ्यात अडकली, त्यात आपल्या मराठा पलटणी होत्या. खायला काही उरलं नाही, घोडे कापायची वेळ आली, आपले जवान धर्मापायी ते मांस खाईनात, आणि उपासमारीनं झडून गेले. शेवटी २९ एप्रिल १९१६ ला शरणागती, तेरा हजारांच्या आसपास माणसं कैदेत, आणि वाळवंटातनं चालवत नेताना त्यातले कित्येक वाटेतच गेले. कुणाच्या युद्धात, तर इंग्रजांच्या आणि तुर्कांच्या. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानचे ७४,००० च्या वर सैनिक मेले आणि त्यावरच्या परदेशी सिनेमांत आपल्या वाट्याला काय येतं, तर एखाद्या ट्रकमध्ये बसलेला एक शीख जवान. तेवढ्यावर पण तिकडं वाद झाला, हा इथं कशाला म्हणून.

पडद्यावर दाखवायला काही नसेल तर अर्धा तास एखाद्या म्हाताऱ्याला बोलायला लावा, असं मी म्हणणार होतो, पण म्हातारे बोलत नाहीत. आमच्या आजोबांचे मोठे भाऊ दुसऱ्या महायुद्धात इटलीला होते. आयुष्यभर त्यांनी त्याबद्दल एकच सांगितलं, तिकडचे टोमॅटो फार मोठे असतात.

वाळव्याची_लेक

दादा, मी पहिल्यांदाच लिहितेय, नेहमी नुसती वाचते. माझे मिस्टर एलओसीवर पेट्रोलिंगला असताना सुरुंगावर पाय पडला, डावा पाय गुडघ्याखाली गेला. जिवंत आहेत, चांगले खमके आहेत, आत्ता गोठ्यात आहेत म्हणून तर मला टाइप करायला सवड मिळालीय.

तुम्ही सगळे गेलेल्यांबद्दल बोलताय ते बरोबरच आहे. पण कारगिलचा आकडा सगळ्यांना पाठ, ५२७. जखमी किती ते विचारा कुणाला. १,३०० च्या वर. त्यांच्यावर सिनेमा कुठाय? सिनेमात पाय गेलेला माणूस एकतर स्वतःला गोळी घालून घेतो नाहीतर मेडल आणतो. जो पेन्शनीत राहतो, सकाळी डेअरीला दूध घालतो आणि पोराच्या गणितावरनं चिडतो, तो कुणाला दिसत नाही.

पुण्याला वानवडीत आर्टिफिशियल लिंब सेंटर आहे, १९४४ पासूनचं, फौजेचंच. तिथं पाय मिळाला, माणसं फार चांगली, त्याबद्दल तक्रार नाही. पण पाय मिळाला म्हणजे झालं असं आम्हाला वाटलेलं. खुंट असतो ना, तो सुरुवातीला आटत जातो, मग बसवलेला पाय ढिला होतो, मग मोजे चढवायचे, एकावर एक, सकाळी दोन आणि संध्याकाळी चार, कारण दिवसभरात पण फरक पडतो. पावसाळ्यात घाम आणि ओल राहून कातडं सोलतं, तेव्हा पाय काढून ठेवायचा आणि कुबड्या. आमच्याकडं उसाची शेती, काळी माती, लागणीच्या सरीत पाय रुतला की पाय आत आणि माणूस बाहेर, एकदा असंच झालं आणि आम्ही दोघं हसून हसून बांधावर बसलो, सासूबाई आल्या त्यांना कळेना हसायचं का रडायचं. आणि रात्री नसलेल्या अंगठ्याला खाज सुटते. आता खाजवायचं कुठं? डॉक्टर म्हणतात असं होतंच, मेंदूला कळत नाही पाय गेलाय ते. मी उशीच्या अभ्र्यावर खाजवल्यासारखं करते, त्यानं त्यांना कधी कधी बरं वाटतं, मला माहीत नाही खरंच वाटतं का माझ्यासाठी म्हणतात.

लग्नातल्या सुतळी बॉम्बचं तर सांगतच नाही. आमंत्रण आलं की आधी विचारून घेते, वरात कुठनं जाणारे.

आमच्याच तालुक्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर, त्यांच्यावर 'चंदू चॅम्पियन' आला २०२४ ला, कबीर खानचा, तो आम्ही थेटरात जाऊन बघितला. पासष्टच्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं अंग गेलं आणि १९७२ ला जर्मनीत हायडेलबर्गला पोहण्यात सोनं, पॅरालिम्पिकमधलं भारताचं पहिलं. तो माणूस डोंगराएवढा, त्याच्याबद्दल बोलायची माझी पात्रता नाही. पण पिक्चर बघून येताना मिस्टर गाडीत गप्पच. मग म्हणाले, "आता सगळे मला विचारणार, तू का नाही पोहत." आणि झालं पण तसंच, दुसऱ्याच दिवशी एका पाहुण्यांनी विचारलं. तुम्ही तो लावला तर पोरांना आवडेल, चांगला पण आहे, सगळ्यांना कळेल असा. फक्त १९६५ आणि १९७२ च्या मधल्या त्या सात वर्षांत त्यांना उठवायला-बसवायला कोण होतं, ते मला जास्त बघायचं होतं.

थेटरवेडा_सांगली

ताई, तुम्ही म्हणताय तसला एक सिनेमा आहे, पण इंग्रजी आणि फार जुना, १९४६ चा, 'द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज'. तीन जवान युद्धावरनं घरी येतात, बस एवढंच. त्यात लढाईचा एक सीन नाही. त्यातल्या एकाचे दोन्ही हात नाहीत, हातांच्या जागी लोखंडी आकडे, आणि ते काम करणारा हॅरोल्ड रसेल नट नव्हताच, फौजेत ट्रेनिंग देताना स्फोटात त्याचे खरेच दोन्ही हात गेलेले. एका रात्री तो ज्या मुलीशी लग्न ठरलंय तिला खोलीत नेऊन दाखवतो की मी झोपताना हे पट्टे काढून ठेवतो, त्यानंतर मला दार पण उघडता येत नाही, कुणी लावून घेतलं तर मी आत अडकलो. आणि ती शांतपणे त्याच्या शर्टची बटणं लावते. त्या एका भूमिकेला त्याला दोन ऑस्कर मिळाले. तुमच्या उशीच्या अभ्र्याचं वाचलं आणि तोच सीन आठवला.

मंडळवाला_सातारा

ताई, काका, सगळ्यांचे आभार, मला वाटलेलं दोनचार नावं मिळतील आणि विषय संपेल. काल कमिटीची बैठक झाली, भांडणं झाली, पण चहापर्यंत मिटली. अपशिंग्याचं बोर्डवर लिहायचं ठरलंय, वाईकर तुमचा मजकूर वापरतो. सिनेमा हकीकत ठरतोय असं दिसतंय, कारण म्हाताऱ्यांची मतं जास्त. चंदू चॅम्पियन १५ ऑगस्टला. सार्वजनिक ठिकाणी दाखवायला परवानगी काढावी लागते म्हणे, ती कुठं आणि कशी ते कुणाला माहीत असेल तर सांगा, गेल्या वर्षी कुणी विचारलंच नव्हतं.

उठून गेलेल्या वहिनींना बायकोनं विचारलं, यंदा येणार का. त्या म्हणाल्या गाणी चांगली आहेत का. आहेत म्हटलं तर बघू म्हणाल्या.

भरती_करणार

हकीकत रात्री मोबाइलवर बघायला घेतला, निम्मा झालाय. प्रिंट लैच खराब आहे. पण ठीक आहे, लावा.

ताई, एक विचारू का, राग मानू नका. तुमच्या मिस्टरांना परत पाय मिळाला आणि परत बोलावलं तर जातील का?

वाळव्याची_लेक

राग कशाला. त्यांना विचारलं आत्ताच. म्हणाले, "उद्या सकाळी." मग म्हणाले, "पण गाय व्यायला झालीय, पुढच्या आठवड्यात बघू." आणि पलटणीतलं जेवण माझ्यापेक्षा बरं होतं असं पण सांगायला सांगितलंय, ते मी लिहिणार नव्हते.

माजी_हवालदार

ताई, लंगरची डाळ सोडली तर बाकी काही बरं नव्हतं, मी सांगतो त्यांना.

मंडळवाले, परवानगीचं ज्यांच्याकडं सिनेमाचे हक्क आहेत त्यांनाच विचारावं लागतं, सातारला सीडी-केबलवाला कुणी जुना असेल त्याला धरा, त्याला पत्ता माहीत असतो. आणि तुमच्या शाळेच्या हॉलला पत्रे आहेत का? जुलै आहे. पत्र्यावर सड्याचा पाऊस लागला की हकीकतमधलं एक वाक्य कुणाला ऐकू येणार नाही, रणगाड्याच्या सिनेमाला चालतं ते, ह्याला नाही. दोन बॉक्स पुढं ठेवू नका, मधे भिंतीला ठेवा, म्हणजे मागच्या म्हाताऱ्यांना पण ऐकू येईल. आणि मध्यंतर घ्या, सिनेमा लांबडा आहे, आमच्या वयाच्या माणसांना एवढा वेळ बसवत नाही.